रोज एक, जेवल्यावर

मला तोंड आहे, पण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा त्यावर घट्ट बूच होतं. मी एक बाटली. तपकिरी काचेची, जाड बुडाची, वीतभरही नाही. आता बूच केव्हाच हरवलं आहे, म्हणून बोलते. ऐकायला कडू लागेल. गोड करून सांगण्यासारखं माझ्या वाट्याला फार थोडं आलं.

विलायतेतल्या कुठल्याशा भट्टीत माझा जन्म झाला. उन्हाने आतलं औषध नासू नये म्हणून मला तपकिरी केलं. माझ्या पोटात बारीक पांढऱ्या गोळ्या भरल्या, वर कापूस कोंबला आणि मला पेटीत निजवलं. मग जहाज, मुंबईचं गोदाम, आगगाडी. डोळे उघडले ते खामगावात, डॉक्टर वामनरावांच्या दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात. इंग्रज नुकताच गेला होता. वऱ्हाडाचा कारभार मात्र पूर्वीसारखाच मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालत होता.

कपाटात माझ्या शेजारी कुनैन होतं, खोकल्याचं औषध होतं. त्यांना रोज मागणी. मला कुणी हात लावत नसे. माझं औषध नवं होतं, आणि ज्या पुरुषांना ते लागे ते आपलं दुखणं सांगायलाच दवाखान्यात येत नसत. बायकोलाही सांगत नसत.

उकंडराव आले ते दुखणं सांगायला नव्हेच. त्यांना उचलून आणलं होतं.

जळगाव जामोदला, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांचा पानमळा होता. उंच शेवरीवर चढवलेल्या पानवेली, मधून खेळवलेलं पाटाचं पाणी, आत दुपारीही हिरवा अंधार. मळ्यात पाय ठेवायचा तर जोडे बाहेर काढावे लागत, इतका त्याचा मान. दमट गारव्यात मळेकरी उघड्या अंगाने काम करतात. उकंडरावांची साठी उलटली होती, तरी त्यांची छाती दाराच्या फळीसारखी रुंद होती आणि त्यांनी आपल्या मळ्यातून एक हाक मारली तर पलीकडच्या मळ्यातला माणूस ओ देई, असं लोक म्हणत.

असा माणूस वर्षभर मळ्याबाहेर कुंपणाच्या आड जाऊन उभा राही, आणि उभाच राही. लघवी थेंबाथेंबाने होई. मग कंबरेने ठणकायला सुरुवात केली. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. एक दिवस लघवी पार बंद झाली, पोट फुगलं, आणि ते अंगणात गडबडा लोळू लागले, तेव्हा घरात कळलं. त्यांचा मुलगा भगवान मॅट्रिक झालेला, तहशिलीत कारकून. तो त्यांना मोटारीत घालून खामगावला घेऊन आला.

वामनरावांनी नळी घालून लघवी मोकळी केली. मग तपासणी केली. ती तपासणी कशी असते ते उकंडरावांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी भगवानला आत बोलावलं, आणि मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

"पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असते," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वडिलांची वाढली आहे, आणि वाईट वाढली आहे. कंबरेच्या हाडात उतरली असावी. कापून निघायची नाही. पण हे औषध आहे. पुरुषाच्या अंगात एक रस असतो. दाढी, मिशी, आवाज, सगळं त्याच्या जोरावर. ती गाठही त्याच्यावरच पोसते. ही गोळी तो रस अडवते. गाठ उपाशी पडते."

"म्हणजे बरे होतील?"

"बरे नाही म्हणणार मी. पण काही वर्षं चांगली जातील, नीट घेतली तर. आता नीट ऐका. रोज एक, जेवल्यावर. मनाने बंद करायची नाही. एखाद दिवशी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पायावर सूज आली, एखादी पोटरी दुखून गरम लागली, दम लागला, तर चोळत बसू नका. आहेत तसे उचलून इकडे आणा." मग ते जरा थांबले. "आणि त्यांची छाती भरून येईल. बायकांसारखी. दुखेलही. दाढी विरळ होईल, संसारातलं मन उडेल. हे औषधाचंच काम आहे, वेगळा रोग नाही. त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे घाबरायचे नाहीत. फारच त्रास झाला तर माझ्याकडे या, काहीतरी करू."

भगवानचे कान लाल झाले होते. तो माझ्याकडे पाहत होता, डॉक्टरांकडे नाही.

"डॉक्टरसाहेब, हे तुम्हीच सांगा ना त्यांना."

"तुम्ही शिकलेले आहात. घरच्या माणसाने सांगितलेलं बरं असतं. मी सांगितलं तर धसका घेतील." बाहेर रोगी ताटकळले होते. डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली.

भगवानने मला कोटाच्या खिशात टाकलं आणि तो बाहेर आला.

"काय म्हनते डाक्टर?" उकंडरावांनी विचारलं.

"काही नाही, बा. ह्या गोळ्या देल्ल्या. रोज एक, जेवल्यावर."

"बस?"

"बस."

मोटारीत बापलेक शेजारी बसले होते. जळगाव येईपर्यंत भगवानने दोनदा घसा खाकरला. मला वाटलं, आता सांगेल. त्याने पानाची पिचकारी टाकली आणि बाहेर बघत बसला.

घरी मनकर्णाबाईंनी मला कोनाड्यात ठेवलं. उकंडरावांची बायको, बारीक चणीची, बोलणं कमी. दुपारी ते मळ्यातून जेवायला येत. ताट उचललं की ती हात पुसून मला खाली काढी, तळहातावर एक गोळी घेई आणि पाण्याच्या तांब्याबरोबर त्यांच्यापुढे धरी. गोळी गिळेपर्यंत उभी राही.

आणि मी खोटं बोलणार नाही, गोळीने गुण दिला. एके सकाळी उकंडराव परसातून आले ते हसतच.

"भगवानची माय, आज पाटाचं पानी सोडल्यावानी झालं."

"हळू बोला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

कंबरेचा ठणका गेला. भूक लागू लागली. ते पुन्हा मळ्यात जाऊन लव्हाळ्याने वेली बांधू लागले. माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, "ह्या बाटलीनं मले मानसात आनलं." माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ मला परत मिळाला तर हवा आहे.

थंडी सरता सरता त्यांच्या छातीत दुखू लागलं. बाहेरच्या बाजूला, बोंडाखाली. सदरा घासला तरी कळ यायची. हात लावून पाहिलं तर आत गाठ लागली. दुसऱ्या बाजूलाही तीच. मग छाती भरत गेली. न्हाव्यापुढे बसले तर तो म्हणाला, "दाजी, दाढीले काही जोर नाही राह्यला तुमच्या." त्या दिवसापासून त्यांनी न्हाव्याला घरी बोलावणं बंद केलं.

मळ्यात उघड्या अंगाने राबणारा माणूस बंडी घालू लागला. चैत्राच्या उन्हातही बंडी, वर उपरणं. मनकर्णाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "अंगात कसर हाये." पण त्यांच्या बंड्या धुताना ती त्या हातात घेऊन उभी राही, ते मी पाहिलं आहे.

मळेकऱ्यांची अंघोळ मळ्याच्या विहिरीवर असे, सगळे मिळून. एकदा बंडी भिजून अंगाला चिकटली, आणि शेजारच्या मळ्याच्या पुंजाजीचं लक्ष गेलं. पुंजाजी हा लहानपणचा मित्र. एका ताटात जेवलेले दोघे. ही गोष्ट मला कळली ती उकंडरावांच्याच तोंडून, पण फार उशिरा.

"काय बे उकंडा," पुंजाजी म्हणाला, "आता नातवाले पाजाचं काम बी तुह्याकडेच आलं काय?"

विहिरीवरचे सगळे हसले. उकंडरावही हसले. त्यानंतर ते त्या विहिरीवर गेले नाहीत.

घरातच, परसात, दार लावून अंघोळ. देवळात जाणं बंद. कुणाच्या लग्नात जाणं बंद, कारण लग्नात लोक गळाभेट घेतात. पायथ्याच्या एका भगताकडे ते एकटेच गेले. भगताने राख दिली आणि सांगितलं, कुण्या बाईचा तळतळाट लागला आहे. आपल्या हातून कुठल्या बाईचं वाईट झालं ते उकंडराव दिवसचे दिवस आठवत बसले. घराच्या ओट्यावर बसून एका माणसाने आपलं सारं आयुष्य उलटंसुलटं तपासलं, आणि कारण होतं कोनाड्यातल्या बाटलीत.

त्यांनाही तसा संशय आला होता. एका रविवारी भगवान घरी होता. त्यांनी मला हातात घेऊन फिरवलं.

"भगवान, ह्या गोळ्यायनं अंगाले काही होते काय रे?"

मी बापाच्या हातात होते. लेक समोर होता. याहून सोपी वेळ पुन्हा आली नसती.

"नाही, बा," भगवान म्हणाला. "ताकदीच्या हायेत त्या."

त्याने असं का केलं, यावर मी फार विचार केला आहे. तो वाईट मुलगा नव्हता. गोळ्या संपत आल्या की खामगावहून नव्या आणून माझ्यात ओतायला तो कधी चुकला नाही. पण बापाच्या छातीबद्दल बापाशी बोलायचं म्हणजे त्याची जीभ टाळूला चिकटे. माणसं बापासाठी नदीत उडी टाकतील. एक अवघड वाक्य म्हणणार नाहीत.

उकंडरावांनी त्याचं म्हणणं मानलं नाही, पण खोटंही ठरवलं नाही. त्यांनी बायकोच्या हातून गोळी घेणं चालू ठेवलं; पण ते ती जिभेखाली धरून वर पाणी पीत, आणि मळ्यात गेल्यावर पाटात थुंकत. मनकर्णाबाई समाधानाने मला कोनाड्यात ठेवी. तिला वाटे, औषध चालू आहे.

छाती काही उतरली नाही. पण कंबर पुन्हा बोलू लागली. आषाढातल्या आखाडीच्या सुमारास त्यांना खाटेवरून उठवेना, आणि लघवी पुन्हा थेंबावर आली. तेव्हा ते घाबरले. एका दुपारी मनकर्णाबाई दळण घेऊन गेली होती. उकंडराव भिंत धरत कोनाड्याशी आले. त्यांनी बूच काढलं आणि पाच-सहा गोळ्या मुठीत ओतल्या.

"राह्यल्या तेवढ्या भरून काढतो," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मुठीतल्या सगळ्या घशात टाकल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मला ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

मग डावा पाय सुजला. पोटरी लाल झाली, तापल्या तव्यासारखी. मनकर्णाबाईंनी तीळतेल कोमट केलं आणि ती पाय मांडीवर घेऊन चोळू लागली. जीव लावून चोळला तिने, सकाळी आणि संध्याकाळी, हात भरून येईस्तोवर. त्यांना बरं वाटावं म्हणून. चोळू नये हे ज्याला ठाऊक होतं तो तेव्हा तहशिलीत बसला होता, संध्याकाळी घरी आला, त्याने आईला चोळताना पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

"पायात वात आला," ती म्हणाली.

त्याला डॉक्टरांचं बोलणं आठवलं की नाही, मला सांगता येत नाही. तो आत गेला आणि हातपाय धुवून जेवायला बसला.

सकाळी उकंडरावांना दम लागला. बसल्या जागी, धावून आल्यासारखा. मोटार ठरवली. निघताना मनकर्णाबाईंनी मला ओच्यात घेतलं. डॉक्टर विचारतील काय घेत होते, तर दाखवायला. तिला वाचता येत नव्हतं, पण हे तिला सुचलं.

वामनरावांनी पाय पाहिला, छातीला नळी लावली, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गोळ्यांचं विचारलं. तेव्हा उकंडराव तुटक तुटक श्वासात सगळं बोलले. पाटात थुंकलेल्या गोळ्या, मुठीने घेतलेल्या गोळ्या, भगत, विहीर, पुंजाजीचं बोलणं. मनकर्णाबाईंनी भिंतीला हात टेकला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अहो, पण छाती सुजते म्हणून बंद का केलीत?" डॉक्टर म्हणाले. "ते तर होणारच होतं. मी भगवानरावांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

उकंडरावांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं.

"तुले म्हाईत होतं?"

भगवान खाली बघत होता. "बा, तुमच्यापुढं असं कसं बोलू. लाज वाटे मले."

"तुले लाज वाटे," उकंडराव म्हणाले. "मले वाटलं, कोन्या बाईचं पाप हाये माह्या डोक्यावर. मी मानसात जानं सोडलं, देवाच्या दारात जानं सोडलं. माह्याच मळ्यात मी चोरावानी अंग झाकून हिंडलो. अन् तुले म्हाईत होतं."

डॉक्टर हात धुवायला वळले. ते फार वेळ हात धूत होते. आपण स्वतः बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला दोन वाक्यं सांगितली असती तर, हा विचार त्यांच्या मनात आला असावा. त्यांच्या पाठीकडे बघून मला तरी तसं वाटलं.

पायात रक्त गोठलं होतं आणि त्याची गुठळी वर सरकली होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत उकंडराव आणखी काही दिवस होते. बायकोच्या हातचं पाणी प्यायचे. भगवान पेला घेऊन आला की तोंड भिंतीकडे करायचे. तो पेला घेऊन उभा राही, मग खाली ठेवून बाहेर जाई. एका सकाळी मनकर्णाबाई तोंड धुवून आली तेव्हा श्वास थांबलेला होता.

जळगावला आणल्यावर अंगणात प्रेताला अंघोळ घालायची वेळ आली. पुरुष पुढे झाले. कधी नव्हे ती मनकर्णाबाई त्या घोळक्यात शिरली.

"बंडी काढाची नाही," ती म्हणाली. "पानी वरूनच टाका."

"अवं, असं कसं चालल," कुणीतरी म्हणालं.

"चालवा."

पुंजाजी घागर घेऊन उभा होता. त्याने मान वर केली नाही. पाणी बंडीवरूनच टाकलं.

पोळा होऊन गेला. एका दुपारी पुंजाजी ओट्यावर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. वाळलेला दिसत होता. भगवान घरी होता. शेवटी पुंजाजीने हळूच काढलं, की त्यालाही बरेच दिवस लघवीला अडतं आहे, कंबर धरते आहे, आणि उकंडाच्या गोळ्या उरल्या असतील तर बघाव्या म्हणतो.

भगवान लगेच उठला. मला कोनाड्यातून काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याला मी घरात नकोच होते.

"घ्या काका. रोज एक, जेवल्यावर."

"थांब," आतून मनकर्णाबाई म्हणाली. ती दारात आली. "पुरं सांग."

"माय, काका डाक्टरले विचारतीन."

"डाक्टरकडं तर त्यायनं जाच. दुसऱ्याची गोळी कोनी खाऊ नये. पन तुले जे सांगतलं होतं ते आधी सांग. माह्यासमोर सांग."

ओट्याच्या फरशीकडे बघत भगवानने सांगितलं. गाठ, रस, सूज, पोटरी, दम. थांबला. आई दारातून हलली नाही. मग त्याने छातीचंही सांगितलं, दाढीचं सांगितलं, आणि उरलेलंही सांगितलं. सगळं सांगायला पान लावण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुंजाजीचा माझ्याकडे आलेला हात मागे गेला. त्याने आपलं उपरणं छातीवर ओढून घेतलं.

"मंग मले नाही पाह्यजे असलं औषध," तो म्हणाला. "हाये तसा मरतो."

"डाक्टरले दाखवा तरी, भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाली. "सगळ्याची गाठ एकसारखी नसते म्हनतात. तुमची साधी बी असल."

"पाहू, वयनी." तो काठी टेकत गेला. डॉक्टरकडे तो गेला नाही. त्या वर्षीच्या थंडीत तो खाटेला लागला आणि तिच्यावरून उठला नाही.

तो दारातून गेल्यावर भगवान म्हणाला, "पाह्यलं, माय? सांगून काय फायदा झाला?"

मनकर्णाबाई मला उचलून आत निघाली होती. ती वळली.

"त्यायनं नाही म्हनलं ते समजून म्हनलं," ती म्हणाली. "माह्या मानसाले ते बी नाही भेटलं."

त्याच दिवशी तिने परसात खोल खड्डा केला, कोंबड्या-बकऱ्या उकरणार नाहीत असा, आणि माझ्यातल्या गोळ्या पुरल्या. मला राखेने घासलं, कढत पाण्याने धुतलं, उन्हात पालथं घातलं.

आता मी स्वयंपाकघरात आहे. फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. काचेला एक बारीक चीर गेली आहे; फार दिवस टिकेन असं नाही. भगवान पाणी प्यायला आत येतो तेव्हा फळीकडे पाहत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. घरच्या माणसाच्या हातावर गोळी ठेवाल, तर ती त्याच्या अंगाचं काय काय करणार आहे ते त्याला आधी सांगा. लाज वाटली तर खाली बघून सांगा. तो घाबरेल, रागावेल, कदाचित नको म्हणेल. पण अंग त्याचं आहे, आणि त्यात काय चाललं आहे हे त्याला सर्वांत शेवटी कळू नये.

माझ्यात आता ओवा असतो. घरातल्या पोरांपैकी कुणाचं पोट दुखलं की मनकर्णाबाई मला खाली काढते, चिमूटभर ओवा तळहातावर घेते, आणि देण्याआधी म्हणते, "तिखट हाये बरं. जीभ चुरचुरल. मंग बरं वाटल."